उरेब कापडाचा दिवस

पदवीच्या अंतिम संग्रहासाठी मी १९३० च्या दशकाच्या धर्तीवरील अंतर्वस्त्रे आणि घरात वावरताना घालायचे कपडे हा विषय निवडला असून, आज त्यातील पहिली स्लिप (झग्याखाली घालायचे सैलसर अंतर्वस्त्र) शिवायला घेतली. सकाळी मंगळदास मार्केटमधून सॅटिन व मलमल आणि भुलेश्वरहून सुती लेस आणली. उरलेला सगळा दिवस उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाने घेतला.

मादलेन व्हियोने या फ्रेंच डिझायनरने १९२० आणि १९३० च्या दशकांत उरेब कापाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचे कारण कापड हाताळल्यावरच कळते: उभ्या-आडव्या धाग्यांशी ४५ अंशांचा कोन साधून कापलेले साधे कापडही ताणले जाते आणि इलॅस्टिकशिवाय अंगाच्या वळणांवर बसते. याच गुणामुळे ते मशीनखाली सरकते, म्हणून मी आधी हाताने कच्चा टाका घातला आणि मग सुट्या कडा आत झाकणारी फ्रेंच शिवण घेतली, कारण त्वचेलगतच्या कपड्यात ओव्हरलॉकची, म्हणजे सुट्या कडांवर मशीनने घातलेल्या गुंफटाक्याची, खरखर मला मान्य नाही. आपल्याकडे अंतर्वस्त्रे दोरीवर दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळवली जातात. त्यांच्या आतल्या शिवणीलाही पैठणीच्या ब्लाउजइतकीच निगुती मिळावी, असे मला मनापासून वाटते.

खालची कड अजून दुमडलेली नाही, कारण उरेब कापड स्वतःच्या वजनाने उतरते आणि ते रात्रभर टांगल्यावरच घेर समतल करता येतो. घरच्या गाऊनसाठी मात्र मुंबईच्या दमट हवेत मलमलच योग्य ठरेल. त्याचे कापकाम उद्या सुरू करणार आहे.