सड्यावरची करवंदं : पंधराव्या महिन्याची नोंद

गेल्या वर्षी मेच्या अखेरीस पेरलेल्या करवंदांची परवा पुन्हा मोजणी केली. वाफ्यातली रोपं सरासरी ४६ सेंटिमीटर, परातीतली १७. पावसाळ्याआधी हा फरक निम्मासुद्धा नव्हता. सविस्तर आकडे पुढे देतो, पण मधल्या काळात सोबतीला बरीच नवी मंडळी आली आहेत, म्हणून हा खटाटोप कुठून सुरू झाला ते आधी सांगतो.

त्या मे महिन्यात मी उत्तराखंडात, हिमालयातल्या तुंगनाथच्या देवळाला गेलो होतो. पायथ्याच्या चोपत्याहून वाट खरसूच्या, म्हणजे तिथल्या ओकच्या, जंगलातून चढते. मग सिमरू हा झाडासारखा वाढणारा रोडोडेंड्रॉन लागतो, वाकडातिकडा. हिवाळाभर बर्फाचं ओझं वाहून त्याची खोडं आधी उताराकडे आडवी जातात आणि मग वर वळतात. त्याच्याही वर झाड म्हणावं असं काही उरत नाही. देऊळ सुमारे ३,६८० मीटरवर आहे, आणि तिथून वरच्या चंद्रशिळा शिखरापर्यंत जे काही लाकडी खोडाचं आहे ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. आडवा पसरलेला जुनिपर आणि फिक्या पिवळसर फुलांचा तो लहानखुरा रोडोडेंड्रॉन, ज्याला नेपाळात सुनपाती म्हणतात आणि ज्याची पानं धूप म्हणून जाळतात. पान चुरगळलं की वास हाताला तासभर राहतो.

मी तिथे जवळजवळ अर्धा दिवस पोटावर पडून होतो. ऊन होतं, वारा बोचरा होता. छातीच्या उंचीवर हवा ९ अंश, आणि सुनपातीच्या गच्च गादीच्या आत, पानांवर धरलेला तापमापक २२ दाखवत होता. पुस्तकात वाचलेली गोष्ट हाताला लागली तेव्हा अंगावर काटा आला. बाझलचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्तियान कोर्नर यांनी जगभरच्या वृक्षरेषा, म्हणजे डोंगरावर जिथे झाडं संपतात त्या कडा, तपासल्या. वाढीच्या हंगामात सरासरी तापमान साधारण ६ अंशांच्या खाली गेलं की झाड थांबतं, मग तो आल्प्स असो, अँडीज असो की हिमालय. थंडीत पान अन्न करायचं थांबत नाही, पण नवी पेशी, नवं लाकूड घडवणं थांबतं. उंच झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, हवा जितकी गार तितकाच तो गार. जमिनीला चिकटलेलं झुडूप मात्र वारा अंगावरून जाऊ देतं आणि दिवसाची ऊब आत धरून ठेवतं. त्याचा डोंगर शेजारच्या झाडाच्या डोंगरापेक्षा उबदार असतो, जागा तीच असून.

हिवाळ्यात हीच ठेंगणी उंची दुसऱ्या प्रकारे उपयोगी पडते. जाड बर्फाखाली जमीन शून्याच्या आसपास टिकते. जी फांदी बर्फाच्या वर डोकावते ती बहुधा थंडीने नव्हे, तहानेने मरते: वारा पानातलं पाणी ओढून नेतो आणि गोठलेल्या मातीतून मुळांना थेंबही मिळत नाही. त्यामुळे अशा उतारावर झुडपांची वरची कड पाहिली की बर्फ किती साचत असेल याचा अंदाज बांधता येतो. खळग्यात, जिथे बर्फ उशिरापर्यंत राहतं, तिथे झुडपं कमी आणि गवत-फुलं जास्त. कडेवर, जिथे वारा बर्फ टिकू देत नाही, तिथे जुनिपर. हा नकाशा डोळ्यांनी वाचता येतो याचाच मला जास्त आनंद झाला.

घरी परतलो तेव्हा गोव्यातल्या आमच्या पेडण्याच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, करवंदं पिकली होती. टोपली घेऊन वर गेलो आणि थबकलो. सड्यावरच्या जाळ्या सगळ्या गुडघाभर, वरून कातरल्यासारख्या सपाट. खाली भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, कडेची करवंद माझ्या डोक्याच्या वर. दोन्हींत अंतर पाच मिनिटांचं. इथे ना बर्फ ना थंडी. जांभ्यावर चार महिने पाणी साचतं आणि जानेवारीनंतर भेगांतली बोटभर मातीही कोरडी ठणठणीत होते. तरी बैठक तीच. एप्रिलच्या दुपारी मोजलं तर उघडा कातळ ५७ अंश, जाळीच्या आत जमीन ३७. तुंगनाथची गादी ऊब साठवत होती, आमची जाळी सावली साठवते.

मग प्रश्न पडला: ही उंची जन्माची की जागेची? सुनपाती खाली आणून लावली म्हणून तिचा वृक्ष होत नाही. पण करवंदीचं काय?

हा प्रश्न जुना आहे आणि त्यावर मोठमोठी माणसं अडखळली आहेत. फ्रान्सच्या गास्तों बोनिए यांनी एकाच रोपाचे तुकडे करून काही सखल भागात, काही डोंगरावर लावले, आणि सखल भागातली जात वर जाऊन डोंगरी जातीत बदलते असं मांडलं. पुढे ते कुणाला पुन्हा दाखवता आलं नाही. त्यांच्या आधीच ऑस्ट्रियाच्या केर्नर यांनी तिरोलमध्ये सुमारे २,२०० मीटरवर बाग करून पाहिली होती: रोपं बुटकी झाली, पण त्यांचं बी खाली पेरल्यावर बुटकेपण टिकलं नाही. कॅलिफोर्नियात क्लाउसन, केक आणि हीझी या तिघांनी ३०, १,४०० आणि ३,०५० मीटरवर बागा लावल्या. यारो या फुलझाडावरचं त्यांचं काम १९४८ मध्ये आलं. यारो झुडूप नव्हे, पण उत्तर स्वच्छ होतं: जागा उंची बदलते, आणि तरीही डोंगरावरचा यारो खालच्या बागेत ठेंगणाच राहतो. म्हणजे दोन्ही, आणि कुठलं किती ते लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून लावली. सड्यावरच्या सहा जाळ्यांचं आणि भाटातल्या सहा जाळ्यांचं बी, फळातून काढल्या दिवशीच पेरलं (करवंदाचं बी वाळून राहिलं की रुजत नाही, हे आधी एकदा भोगलंय). अर्धी रोपं परसातल्या खोल वाफ्यात, अर्धी तळाला भोकं पाडलेल्या उथळ परातीत, जांभ्याची खडी आणि चार बोटं माती घालून. आई रोज बघायची. "कांट्याक कोण उदक घालता रे?" असं तिने पहिल्या महिन्यात विचारलं होतं. आता मी गावाला गेलो तर तीच घालते, वाफ्यालाच तेवढं. परातींना पावसाव्यतिरिक्त पाणी नाही हे तिने पक्कं लक्षात ठेवलंय.

आता आकडे. वाफ्यात सड्याच्या बियांची रोपं ४५, भाटाच्या बियांची ४७. परातीत अनुक्रमे १८ आणि १६. बी कुठलं, याने आतापर्यंत काही फरक पडलेला नाही. माती किती, याने पडलाय. फांद्या फुटण्यात मात्र मला काहीतरी दिसतंय. सड्याच्या बियांची रोपं वाफ्यातसुद्धा बुंध्यापासून लवकर फुटतात. एकूण रोपं ३१, त्यामुळे यावर मी अजून काही उभारणार नाही, पण मोजणीत फांद्यांचा रकाना वाढवलाय.

आणि मार्चमधली आग. कुणीतरी गवत पेटवलं, वारा होता, सड्याचा उत्तरेकडचा भाग संध्याकाळपर्यंत काळा झाला. मी खूण केलेल्या १४ जाळ्यांपैकी ९ जळाल्या. उंचीच्या नोंदी, फोटो, सगळं तिथेच थांबलं. मी तीन आठवडे वर गेलो नाही, जाववेना. जूनमध्ये गेलो तेव्हा नऊपैकी आठ बुंध्यांतून कोंब आले होते, एकेका बुंध्यातून दहा-बारा.

त्या कोंबांनी माझा प्रश्नच बदलला. एका बुंध्याभोवतीची माती हाताने बाजूला केली तर खाली मांडीएवढं जाड, गाठाळलेलं, जुन्या जळक्या खुणांचं लाकूड. वरची जाळी गुडघाभर, आणि खाली माझ्यापेक्षा कदाचित जुनं झाड. म्हणजे उथळ माती हे एक कारण असेल, पण ठरावीक वर्षांनी कुणीतरी डोकं छाटत असेल तर उंची तिथेच राहणार, मग बी कसलंही असो. तुंगनाथला छाटणी वारा आणि बर्फ करतात, इथे आग आणि गुरं. माझ्या परातींना आग लागत नाही आणि त्यांना गुरं खात नाहीत, हा प्रयोगातला मोठा खड्डा आहे. येत्या फेब्रुवारीत निम्मी वाफ्यातली रोपं जमिनीपासून चार बोटांवर कापणार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी वेर्णे, बांबोळी किंवा सिंधुदुर्गाकडच्या सड्यांवर जात असाल, तर करवंदीची उंची आणि बुंध्याचा घेर, दोन्ही मोजा. बुंधा थोडा उकरून पाहा आणि माती परत नीट लोटा. गवत वाळायच्या आत जा.