तुम्ही विचारलंत म्हणून: येट्सचं ते भाषण

गणपतीत विचारलंत, दिवाळीच्या फराळाला विचारलंत, परवा एका बारशालाही विचारलंत. "डब्लिनमध्ये राहून तू शंभर वर्षांपूर्वीच्या सिनेटची भाषणं काय वाचत बसतेस? आणि त्यातही येट्सचं ते घटस्फोटावरचं? कुळाचा टेंभा मिरवणारा माणूस, पुढे फॅसिस्टांकडे झुकलेला. त्या शिळ्या कढीला ऊत कशाला?" दर वेळी हसून विषय बदलायचा मला कंटाळा आला आहे, म्हणून एकदा बसून लिहिते.

टेंभ्याबद्दल तुमच्याशी वाद नाही. आयरिश कवी येट्स निवडून आलेला नव्हता. डिसेंबर १९२२ मध्ये सरकारप्रमुख कॉसग्रेव्ह यांनी त्याला फ्री स्टेटच्या, म्हणजे नव्यानं स्वतंत्र झालेल्या आयर्लंडच्या, पहिल्या सिनेटवर, वरच्या सभागृहावर, नेमलं. यादवी पेटलेली होती, सिनेटरांची घरं जाळली जात होती, त्यामुळे कवीच्या दाराशी बंदूकधारी पहारा. एरवी त्याची भाषणं बघाल तर शाळांच्या इमारती, जुनी हस्तलिखितं, चित्रसंग्राहक ह्यू लेनची लंडनमध्ये अडकलेली चित्रं, असलेच विषय. नाण्यांच्या समितीचा तो अध्यक्ष होता. घोडा, सॅमन, कोंबडी आणि तिची पिल्लं असलेली १९२८ ची ती देखणी नाणी त्या समितीची. आजारपणामुळे त्याच वर्षी त्यानं सिनेट सोडली आणि कवी मित्राला, अमेरिकन एझ्रा पाउंडला, जाहीर सल्ला दिला की बाबा, आपल्या देशाच्या सिनेटवर जाऊ नकोस. एवढंच असतं तर मीही वाचलं नसतं.

पण ११ जून १९२५.

स्वातंत्र्याआधी आयर्लंडमध्ये घटस्फोट हवा असेल तर लंडनच्या संसदेत स्वतःच्या नावाचं खासगी विधेयक आणावं लागे. म्हणजे पैसेवाल्यांचं काम. स्वातंत्र्यानंतर हे डब्लिनकडे आलं, काही अर्जही आले, आणि सरकारला घाम फुटला. कॉसग्रेव्ह यांनी फेब्रुवारीत डॉइलमध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, ठराव आणला: असली विधेयकं सभागृहापुढे येऊच नयेत अशी नियमात सोय करा. सिनेटचे सभापती लॉर्ड ग्लेनेव्ही यांनी तो ठराव नियमबाह्य ठरवला. येट्सनं भाषण तयार ठेवलेलं होतं, ते तसंच राहिलं. मार्चमध्ये त्यानं ते एका साप्ताहिकात 'न केलेलं भाषण' म्हणून छापून टाकलं. मग जूनमध्ये जेम्स डग्लस या क्वेकर (एका छोट्या ख्रिस्ती पंथाच्या) सिनेटरानं मधली वाट काढली: असं विधेयक आधी दोन्ही सभागृहांत प्रथम वाचनाला मंजूर व्हावं, मगच पुढे जावं. होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. दार उघडं, पण आत भिंत.

येट्स उठला. दोन दिवसांनी त्याला साठ पूर्ण होणार होती.

सुरुवातीलाच तो म्हणाला की दक्षिण आयर्लंड फक्त कॅथलिक कल्पनांवर चालणार असं दाखवाल, तर उत्तर आयर्लंड तुम्हाला कधीच मिळणार नाही. या राष्ट्राच्या मधोमध तुम्ही पाचर ठोकाल. उत्तर आयर्लंड वेगळं काढणाऱ्या फाळणीला जेमतेम चार वर्षं झालेली, तेव्हा हे वाक्य सभागृहात म्हणायचं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

मग तो पुतळ्यांवर आला. माझा सगळ्यात लाडका भाग हा. म्हणाला, मी याला सहिष्णु देश म्हणालो खरा, पण मुख्य रस्त्यावरचे पुतळे आठवले की म्हणावंसं वाटतं, देश अजून घुटमळतो आहे. हिमनग वितळला की होईल सहिष्णु. पुतळे तर उमेद वाढवणारेच आहेत: ओकॉनेल आणि पार्नेल हे आयरिश नेते, आणि इंग्रज नौसेनानी नेल्सन. तिघांच्याही खासगी आयुष्याबद्दल गाव बोलत आलेलं. ओकॉनेलबद्दल तर त्याच्याच काळात म्हणत, की अनाथ-गरिबांच्या आश्रमाच्या भिंतीपलीकडे काठी भिरकावली तर ती त्याच्याच एखाद्या पोराला लागेल. पण विवाह अभंग आहे यावर त्याची श्रद्धा होती, आणि तो गेल्यावर त्याचं हृदय रीतसर रोममध्ये जतन केलं गेलं. कलश ब्राँझचा की संगमरवरी ते आठवत नाही, पण त्या काळच्या इतर कलेइतकाच तो वाईट असणार! सभापतींनी टोकलं: मेलेल्यांना आपण सोडून द्यावं असं नाही वाटत? येट्स म्हणाला, पुढे जातोच आहे, पण मेलेल्यांना सोडून देणं मला मुळीच आवडणार नाही.

(नेल्सनचा स्तंभ १९६६ मध्ये उडवला. बाकीचे दोघे अजून उभे आहेत.)

आणि मग शेवट, ज्यावरून तुम्ही मला धारेवर धरता. स्वातंत्र्याला तीन वर्षं होत नाहीत तोच अल्पसंख्याकांना (म्हणजे त्याच्यासारख्या प्रॉटेस्टंटांना) जाचक वाटणाऱ्या गोष्टीवर आपण चर्चा करतो आहोत, हे शोकजनक आहे, तो म्हणाला. ज्यांच्याविरुद्ध तुम्ही हे केलंत ते आम्ही कुणी क्षुद्र लोक नाही. युरोपातल्या थोर कुळांपैकी एक आहोत. आम्ही बर्कचे, ग्रॅटनचे, स्विफ्टचे, एमेटचे, पार्नेलचे लोक. या देशाचं बहुतेक आधुनिक साहित्य आम्ही घडवलं.

माझा काडीमोड झाला तेव्हा इथला कायदा असा होता: गेल्या पाच वर्षांपैकी चार वर्षं वेगळं राहिल्याचं दाखवा, मग कोर्टात या. २०१९ च्या सार्वमतानंतर ही अट राज्यघटनेतून गेली, कायद्यानं ती तीनपैकी दोन वर्षांवर आणली. मी त्याआधीची. त्या काळात कागदोपत्री मी एका माणसाची बायको होते आणि प्रत्येक फॉर्मवर ते लिहीत होते. पुण्याहून फोन यायचे, "अजून झालं नाही? म्हणजे तुमचं काही जुळण्यासारखं आहे का?" त्या दिवसांत मला हे भाषण सापडलं, आणि शेवटचा परिच्छेद मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचायची. एका परक्या, गर्विष्ठ, मेलेल्या माणसानं माझ्या बाजूनं आवाज चढवला होता. तेव्हा कुणाच्या कुळाची चौकशी करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते. आजची मी तेव्हाच्या मला विचारते, की अगं, तो तुझ्याबद्दल बोलतच नव्हता. तेव्हाची मी म्हणते, मग दुसरं कोण बोलत होतं?

शेजारच्या बाईंना मी एकदा तो परिच्छेद कौतुकानं वाचून दाखवला. माझ्यापेक्षा त्यांचा त्यावर जास्त हक्क. नवरा इंग्लंडला गेला तो परतलाच नाही. १९३७ च्या घटनेनं घटस्फोटाची बंदीच लिहून ठेवली होती. १९८६ च्या सार्वमतात लोकांनी ती जवळजवळ दोन-तृतीयांश मतांनी कायम ठेवली, १९९५ मध्ये नऊ हजारांच्या आसपास मतांनी ती उठली, आणि प्रत्यक्ष कायदा १९९७ मध्ये लागू झाला. तोवर त्या विवाहितच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्या थोर कुळांच्या फरश्या माझ्या आजीनं घासल्या आहेत. तिची सुटका व्हायला बर्क आणि स्विफ्ट कशाला लागावेत?"

मला उत्तर सुचलं नाही. म्हणजे सुचलं, की त्या ठरावाविरुद्ध उभं राहायला त्या दिवशी दुसरं कोण एवढ्या मोठ्यानं बोललं? पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. आम्ही थोर, म्हणून आम्हाला दुखवू नका. मग जे थोर नाहीत त्यांचं काय? भाषणाच्या पूर्वार्धात तो वेगळ्या श्रद्धेच्या माणसाच्या हक्काबद्दल बोलतो, आणि तो हक्क आजीलाही लागू पडतो. शेवटाला पोचेपर्यंत आजी बाहेर आणि वंशावळ आत. पुढे तीसच्या दशकात ब्लूशर्टवाल्यांसाठी, त्या फॅसिस्ट वळणाच्या आयरिश संघटनेसाठी, गाणी लिहिणारा येट्स मला त्या शेवटातच दिसतो, तुम्ही म्हणता तसाच.

आता तुम्हाला एक विचारते. २०२५ च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले, दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली, तेव्हा आपल्या ग्रुपवर काय फिरत होतं? आम्ही डॉक्टर आहोत, नर्स आहोत, आयटीत आहोत, कर भरतो, आणि मालवणच्या वराड गावच्या माणसाचा मुलगा, लिओ वराडकर, इथला पंतप्रधान झाला. आम्ही कुणी क्षुद्र लोक नाही. शब्द सोडले तर फरक काय? रात्री सायकलवरून जेवण पोचवणाऱ्या, इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाचं नाव त्या यादीत नव्हतं, आणि मार खाण्याची भीती त्याला सगळ्यात जास्त.

ही यादी मीच लिहिली होती, हे तुमच्यातल्या काही जणांना आठवत असेल. पहिल्या मसुद्यात फक्त एवढंच होतं, की रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला मारू नये. वाचून दाखवलं तर सगळे म्हणाले, फारच साधं झालंय, यात वजन नाही. मलाही तसंच वाटलं. मग मी वराडकर घातले. पुन्हा तशी वेळ आली तर बहुतेक पुन्हा घालीन, आणि शेजारच्या बाई पुन्हा तोच प्रश्न विचारतील.