६० मीटरवरून उडी

कॅलिफोर्नियाच्या हम्बोल्ट भागात सॅलमँडर (पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या गोतातला उभयचर) शोधायला जुन्या, उंच रेडवूड झाडावर चढायचं म्हणजे अर्धी सकाळ दोर लावण्यात जाते. बाणाला मासेमारीचा दोरा बांधून तो भक्कम फांदीवरून पलीकडे मारायचा, दोऱ्याला सुतळी, सुतळीला मुख्य दोर. दोघांनी लोंबकळून फांदी तपासल्याशिवाय वर जायचं नाही.

त्या दिवशी ६० मीटरवर, खोडाच्या बेचक्यात, नेच्याची जाड गादी होती. सह्याद्रीत झाडावर बाशिंग वाढतं, तशीच. जुनी पानं कुजून खाली काळी माती साचते आणि ती पाणी धरून ठेवते. अनाइडीज वॅग्रन्स हा सॅलमँडर या ओलीवर जगतो. त्याला फुप्फुसं नाहीत. श्वास कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून. कातडी सुकली की गुदमरतो. अंड्यांसाठीही डबकं लागत नाही. मादी ती पोकळीच्या छताला टांगते, आणि त्यांतून थेट चार पायांची पिल्लं निघतात.

म्हणून गादी उपटायची नाही. कडा बोटभर उचलायची, टॉर्च मारायचा, पुन्हा दाबून बसवायची. ओढाताण केली तर मुळांचं जाळं फाटतं, आत वारा शिरतो आणि माती सुकते.

तिसऱ्या फटीत एक सापडला. तपकिरी, पाठीवर दगडफुलासारखे राखी ठिपके. हात ओले हवेत, सनस्क्रीन किंवा डासांचं मलम लावलेले नकोत. शेपटी धरायची नाही. चढताना ती पाचव्या पायासारखी कामी येते. ओलं शेवाळ घातलेल्या पारदर्शक पिशवीत ठेवून बाहेरूनच मोजला: नाकापासून गुदद्वारापर्यंत ६ सेंटिमीटर. बोटांची टोकं चौकोनी, आणि उजेडासमोर धरली की आतलं रक्त लालसर दिसतं. पकड घट्ट किंवा सैल करताना हा प्राणी त्या टोकांतलं रक्त कमीजास्त करतो.

पाठीच्या फोटोसाठी तळहातावर घेतला, तिथे चुकलं. त्यानं सरळ उडी मारली. पण कोलांट्या खाल्ल्या नाहीत. चारही पाय पसरले, शेपटी वरखाली हलवली आणि खोडाकडे वळत खालच्या हिरवाईत दिसेनासा झाला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या वाऱ्याच्या बोगद्यातल्या (खालून वर वारा सोडून प्राण्याला हवेत तरंगत ठेवणाऱ्या यंत्रातल्या) प्रयोगांत हेच दिसलं होतं: या पवित्र्यानं पडण्याचा वेग १० टक्क्यांपर्यंत घटतो आणि दिशाही बदलता येते. जमिनीवर राहणारा एन्साटिना हा दुसरा सॅलमँडर त्याच बोगद्यात नुसती धडपड करत राहिला.

तेव्हापासून फोटो पिशवीतूनच. सोडताना पिशवीचं तोंड त्याच फटीला लावायचं आणि तो आपणहून आत जाईपर्यंत थांबायचं.