नाकाचा शेंडा राहिला आणि आमचे नऊ दिवस गेले

आईच्या पिट्युटरी ग्रंथीला (मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसांखाली असते ती) गाठ आहे हे कळलं, रक्त तपासून झालं, एमआरआय झाला. सगळं पंधरवड्यात. तिला कडेचं दिसेनासं झालं होतं, दादरच्या पुलावर ती माणसांना धडकायची आणि आम्ही मोतीबिंदू म्हणून सोडून दिलं होतं, त्याचं मात्र अजून वाईट वाटतं.

ऑपरेशन नाकातून दुर्बिणीने करायचं ठरलं. त्यासाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर सायनसचा सीटी, १ मिमीपेक्षा पातळ स्लाइस (चकत्या), नेव्हिगेशनसाठी, असं लिहून दिलं. नेव्हिगेशन म्हणजे ऑपरेशन चालू असताना हत्यार आत नेमकं कुठे आहे ते स्कॅनवर दाखवणारं यंत्र. घराजवळच्या सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या ताईंनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली, ‘डोक्याचा सीटी ना?’ म्हणाल्या. मी मान हलवली. चूक इथेच झाली आणि निम्मी माझी होती.

दोन दिवसांनी मोठ्या फिल्मा घेऊन ओपीडीत. डॉक्टरांनी एक उजेडासमोर धरली आणि विचारलं, ‘या ५ मिमीच्या चकत्या. दोन चकत्यांच्या मधे काय आहे, सांगा बरं?’ मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या गाठीच्या दोन्ही बाजूंनी जातात, त्यांच्यावरचं हाड काही ठिकाणी अर्धा मिलीमीटरही नसतं. फिल्म नको, सीडी आणा म्हणाले.

पुन्हा सेंटर. सीडी करणारा माणूस दुपारनंतर येतो. दुपारनंतर गेलो तर सर्व्हर बंद. शनिवारी गेलो तर हाफ डे. चौथ्या फेरीला सीडी मिळाली, ती घेऊन कुर्ल्यापासून उभ्याने ओपीडी गाठली, तर स्कॅन भुवयांच्या वरच सुरू होत होता! नाक नाहीच. नेव्हिगेशनचं यंत्र ऑपरेशनच्या टेबलावर कपाळ-नाकाची ठेवण स्कॅनशी जुळवून घेतं, म्हणून नाकाचा शेंडा आत हवाच. सेंटरवाले म्हणाले, ‘तुम्ही सायनसचा सांगितलाच नव्हता.’ चिठ्ठी त्यांच्याच फाइलला टाचलेली होती.

दुसरीकडे पुन्हा सीटी काढला. चार मिनिटं लागली. या वेळी मी काउंटरवरून हललो नाही. सीडीत डायकॉम फाइली (स्कॅनचा मूळ डेटा) आहेत, नुसते फोटो नाहीत, हे त्यांच्याच कॉम्प्युटरवर उघडून बघितलं. तुम्हीही बघा, ताईंनी तोंड वाकडं केलं तरी. आणि हो, कॉन्ट्रास्टच्या (शिरेतून औषध देऊन काढायच्या) एमआरआयला बरेचदा क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट मागतात, तो आधीच सोबत ठेवा. हे मला आत्ता आठवलं.

मग ज्यासाठी एवढं रामायण झालं ते पाहिलं. ज्युनिअर डॉक्टरांनी पडद्यावर नाकपुडीपासून गाठीसमोरच्या हाडापर्यंत रेघ ओढली: ७६ मिमी. दोन कॅरोटिडमधलं अंतर: १७ मिमी. स्फेनॉइड ही नाकामागची हवेची पोकळी, गाठीकडे जायची वाट तिच्यातूनच. आईची चांगली मोठी होती. काहींच्यात तिथे भरीव हाडच असतं, मग ड्रिलचं काम वाढतं. पोकळीतला पातळ पडदा मात्र मधोमध नव्हता, डावीकडे वळून थेट धमनीवरच्या हाडाला चिकटला होता. डॉक्टर म्हणाले, ‘हा पिरगाळून काढायचा नाही, हळूहळू घासायचा.’ ५ मिमीच्या चकत्यांत हे दिसलंच नसतं. माझा धावपळीचा राग थोडा उतरला, आणि सेंटरवरचा थोडा वाढला.

ऑपरेशन तीन तासांत झालं. नंतर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची आणि नाकातून पाण्यासारखं गळलं तर ताबडतोब कळवायचं, असं सांगितलं होतं. आमच्याकडे तसं काही झालं नाही.

त्या पहिल्या फिल्मा आईने कपाटावर नीट गुंडाळून ठेवल्या आहेत. टाकूया म्हटलं, तर म्हणाली, ‘राहू दे, पैसे मोजलेत.’