एक कनेक्शन, अख्खं घर : आमची वाटचाल

नाशिकच्या इंदिरानगरातल्या छोट्या गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली, तेव्हा नेट म्हणजे डायल-अप. वेग फार तर ५६ केबीपीएस, आणि नेट चालू असलं की घरचा फोन एंगेज. त्याच काळात काही घरांत दुसरा कॉम्प्युटर येऊ लागला. मुलाला प्रोजेक्टसाठी एक, वडिलांना हिशेबासाठी एक. लोक विचारायचे, दोन्हीवर नेट चालेल का? दुसरं कनेक्शन घ्या, असं सांगणारे पुष्कळ होते. आम्हाला ते पटत नव्हतं. आलेलं एक कनेक्शन नीट वाटून दिलं तर घराला पुरतं, या विश्वासावर आमचा धंदा उभा आहे.

सुरुवातीला विंडोज ९८ सेकंड एडिशन कामाला आलं. १९९९ च्या या आवृत्तीत कनेक्शन शेअर करायची सोय होती. मोडेम लावलेल्या कॉम्प्युटरला लॅन कार्ड (दुसऱ्या कॉम्प्युटरची केबल जोडायचं कार्ड) बसवायचं, नेटवर्कमधला त्याचा पत्ता, म्हणजे आयपी, १९२.१६८.०.१ व्हायचा आणि बाकीचे त्याच्यामार्फत बाहेर जायचे. अडचण एवढीच, की तो मुख्य कॉम्प्युटर बंद केला की सगळ्यांचं नेट बंद.

२००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि कामाचं स्वरूपच पालटलं. बऱ्याच घरांत मोडेम ब्रिज मोडवर असायचा, म्हणजे तो नेट नुसतं पुढे सोडायचा. युजरनेम-पासवर्ड कॉम्प्युटरवर टाकून डायल करायचं, म्हणजे एका वेळी एकालाच नेट. आम्ही तीच माहिती मोडेममध्ये भरून त्याला राउटर मोडवर आणायचो, म्हणजे डायल तोच करायचा, आणि पुढे स्विच (अनेक केबली जोडायचा डबा) जोडायचो. मग मोडेमच सगळ्यांना आतले पत्ते वाटतो. घराला सोसायटी समजा : बाहेरच्या जगाला सोसायटीचा एकच पत्ता दिसतो, आतले फ्लॅट नंबर राउटर लक्षात ठेवतो. कोणी काय मागवलं होतं ते पाहून उत्तर त्याच दारात पोचवतो. ग्राहकाला एवढं समजावून सांगायला वेळ लागतो, पण आम्ही तो देतो. समजलेलं गिऱ्हाईक उगाच बटणं दाबत नाही.

वायफाय आल्यावर केबलची गरज संपली, असं अनेकांनी धरलं. आम्ही केबल सोडली नाही. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या हातभर जाड भिंती ज्यांनी पाहिल्यात, त्यांना कारण सांगायला नको. ओसरीवरच्या राउटरचा सिग्नल माजघरात पोचेपर्यंत अर्धा होतो. बूस्टर लावला तरी तो तोच अशक्त सिग्नल पुढे ढकलतो. माजघरापर्यंत एक केबल नेऊन तिथे दुसरा राउटर बसवला, की काम कायमचं होतं.

मात्र हा दुसरा राउटर घरच्या घरी जोडला की हमखास एक घोळ होतो. दोन्ही राउटर पत्ते वाटायला लागतात, आणि कधीकधी दोघांचा स्वतःचा पत्ताही एकच असतो. एका मोबाइलवर नेट चालतं, दुसऱ्यावर नाही. दुसऱ्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायची सोय, बंद करायचा, त्याला वेगळा पत्ता द्यायचा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातल्या जोडणीच्या खाचेत) लावायची, वॅनमध्ये (बाहेरचं नेट घ्यायच्या खाचेत) नाही.

क्रिंपिंगच्या, म्हणजे केबलच्या टोकाला तारा क्रमाने लावून प्लग दाबून बसवण्याच्या, बाबतीत मी फार काटेकोर आहे. केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हा क्रम आमच्या पोरांना झोपेतही सांगता येतो. १०० एमबीपीएसला आठातल्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. त्यामुळे तपकिरी तार नीट बसली नसली तरी नेट चालतं, पण बहुतेक वेळा १०० च्या वर जात नाही. माणूस मात्र मोठ्या प्लॅनचे पैसे भरत राहतो. म्हणून प्रत्येक टोक टेस्टरवर तपासल्याशिवाय आम्ही हात पुसत नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये या कामाचं मोल लोकांना कळलं. सिडकोतल्या रो-हाउसमध्ये वर मुलीचा क्लास, खाली आईची ऑनलाइन शाळा, मधल्या खोलीत बाबांची मीटिंग, सगळं एकाच कनेक्शनवर. ज्यांच्याकडे आधीच केबल टाकलेली होती, त्यांचे फोन आले ते आभाराचे. तो काळ आठवला की आजही भरून येतं.

आता फायबर आलंय, वेग भरपूर आहे. तरी तक्रार तीच : हॉलमध्ये चालतं, बेडरूममध्ये नाही. गंगापूर रोडला नवी बांधकामं चालू आहेत, तिथल्या घरमालकांना एक विनंती आहे. प्लास्टर होण्याआधी आम्हाला किंवा तुमच्या इलेक्ट्रिशियनला सांगून प्रत्येक खोलीत नेटसाठी वेगळा पाइप टाकून घ्या. विजेच्या वायरींच्या पाइपातून केबल ओढू देऊ नका, आणि राउटर टीव्हीच्या मागे कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यावर येईल अशी जागा आत्ताच राखून ठेवा.