ॲनिमेशनपटाची निर्माती होताना

मला चित्र काढता येत नाही. हे कळलं की लोक विचारतात, मग तू स्टुडिओत करतेस तरी काय?

सुरुवात प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून झाली. रोज डेलीजमध्ये, म्हणजे झालेलं काम दिग्दर्शकाला दाखवायच्या बैठकीत, कोपऱ्यात बसून तो एकेका शॉटबद्दल काय म्हणतो ते टिपायचं आणि त्या त्या ॲनिमेटरपर्यंत पोचवायचं. काम कारकुनी वाटतं. पण ‘जरा जड वाटू दे’ म्हणजे पात्राचं वजन, चालण्याचा वेग की प्रसंगाचा मूड, हे विचारून न घेता शेरा पुढे ढकलला तर कुणाचा तरी आठवडा फुकट जातो. तिथून कोऑर्डिनेटर, मग प्रॉडक्शन मॅनेजर. शॉट लेआउटमधून (कॅमेरा आणि पात्रांची जागा ठरते तो विभाग) निघाला का, लायटिंगला का अडकलाय, रिटेक कुणाकडे आहे, असा पाठपुरावा करण्यातच ही वर्षं गेली.

लाइन प्रोड्यूसर, म्हणजे खर्च आणि वेळापत्रक सांभाळणारी, झाल्यावर गणित अंगावर आलं. दीड तासाचा चित्रपट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,२९,६०० फ्रेम. एका फ्रेमला रेंडरसाठी, म्हणजे संगणकाने अंतिम चित्र तयार करण्यासाठी, दहा तास धरले तर एकट्या मशीनला जवळपास १४८ वर्षं लागतील. म्हणून रेंडर फार्म, म्हणजे हेच काम एकाच वेळी करणारे अनेक संगणक. माणसांचा हिशेब मात्र असा सुटत नाही. चांगल्या दर्जाचं काम हवं असेल आणि ॲनिमेटर आठवड्याला तीन सेकंद देत असेल, तर चाळीस जणांना पंचेचाळीस आठवडे लागतात, तेही कुणी आजारी पडलं नाही आणि दिग्दर्शकाचं मन बदललं नाही तर. मन बदलतंच. म्हणून राखीव रक्कम बजेटमध्ये आधीच धरावी लागते आणि ती आहे हे सगळ्यांना सांगायचं नसतं.

निर्माती म्हणून पहिला चित्रपट हाती आला तेव्हा खरी झटापट झाली ती ॲनिमॅटिकवर. इतरत्र आधी शूटिंग करतात, मग एडिटिंग. आमच्याकडे उलटं. स्टोरीबोर्डची (प्रसंगांच्या कच्च्या रेखाटनांची) चित्रं, तात्पुरते आवाज आणि उसनं संगीत जोडून अख्खा चित्रपट आधीच एडिट करून बघायचा. या टप्प्यावर प्रसंग बदलायला एक स्टोरी आर्टिस्ट पुरतो. तोच बदल लायटिंगनंतर केला तर पाच विभागांचं काम कचऱ्यात जातं.

आमच्या ॲनिमॅटिकचा शेवटचा भाग फिका पडत होता. दिग्दर्शक म्हणाला, “अगं, ॲनिमेशनमध्ये खुलेल.”

“जे चित्रांत कंटाळवाणं आहे ते ॲनिमेशनमध्ये महागडं कंटाळवाणं होईल रे,” मी म्हटलं.

त्यात भर म्हणजे तो प्रसंग भर पावसातल्या जत्रेचा होता. गर्दी, पाणी आणि ओले केस पटकथेत एकाच पानावर दिसले की निर्मात्याला घाम फुटतो. बराच वाद झाला. शेवटी पाऊस खिडकीबाहेर राहिला आणि खोलीत दोनच पात्रं. प्रसंग उभा राहिला असं माझं मत. त्याला अजूनही जत्राच हवी होती, आणि तो ते लपवतही नाही.

पैसाही याच ॲनिमॅटिकवर अवलंबून होता. करारानुसार हप्ते टप्प्याटप्प्याने यायचे, आणि पुढचा हप्ता ॲनिमॅटिक मंजूर झाल्याशिवाय नाही. फ्रान्समधल्या ॲनसीसारख्या महोत्सवांच्या बाजारात वितरकांना भेटतानाही शब्दांपेक्षा हलती चित्रं उपयोगी पडतात.

एक सवय मात्र मी दुसऱ्यांच्या संकटावरून लावून घेतली. १९९८ मध्ये ‘टॉय स्टोरी २’ च्या बहुतेक फाइल्स चुकून पुसल्या गेल्या, बॅकअपही नीट चालत नव्हता, आणि एका सहकारी बाईंच्या घरच्या संगणकावरची प्रत कामी आली. तेव्हापासून ‘बॅकअप घेतला का?’ असं मी विचारत नाही. “उघडून दाखव,” म्हणते.

शेवटचा शॉट मंजूर झाला की काम संपतं, हा गैरसमज. डबिंगसाठी संवादांशिवायचा ट्रॅक, उपशीर्षकं, थिएटरची प्रत, श्रेयनामावलीतलं प्रत्येक नाव. त्यात स्टोरीचे लोक कंपोझिटिंग (चित्राचे सगळे थर एकत्र जोडणं) सुरू होण्याच्या कितीतरी आधीच मोकळे झालेले असतात. त्यांना पुढचं काम दिलं नाही तर ते दुसरीकडे जातात आणि जमलेली टीम पुन्हा जमत नाही. त्यामुळे पहिला चित्रपट अर्ध्यावर असतानाच मी दुसऱ्याच्या पटकथेसाठी पैसे मागायला निघाले होते.