वय ८ ते १२

आज सुट्टी. कपाट आवरायचं ठरवलं होतं, ते राहिलंच. भाचीने अर्धवट टाकलेलं एक जादूचं पुस्तक हाती लागलं. मागे छापलंय 'वय ८ ते १२'. माझं वय हवं तर बाराला चारने गुणून काढा. सकाळी 'बघू तरी' म्हणून उघडलं, मिटलं तेव्हा दिवेलागण झाली होती.

या पुस्तकांत आईबाप पहिल्या दोन प्रकरणांतच का गायब होतात, हे लहानपणी कधी जाणवलं नव्हतं. मेलेले, हरवलेले, नाहीतर दूर कुठेतरी गेलेले. एरवी पोरांना एकटं जंगलात कोण जाऊ देईल! पण आज मी सगळा वेळ घरी मागे राहिलेल्या आजीचाच विचार करत होते. पोरगी ड्रॅगनशी वाटाघाटी करतेय आणि माझं इथे 'अगं, स्वेटर तरी घे' चाललंय.

सी. एस. लुईसने १९५० साली 'नार्निया' या मुलांसाठीच्या जादुई मालिकेचं पहिलं पुस्तक आपल्या धर्मकन्येला अर्पण करताना लिहिलं होतं की, एक दिवस तू पुन्हा परीकथा वाचण्याइतकी मोठी होशील. कुणी हसलं की तोंडावर फेकायला हे बरं पडतं. हॅरी पॉटरची तर १९९८मध्ये मोठ्यांसाठी वेगळ्या मुखपृष्ठाची आवृत्ती काढली होती. म्हणजे लाजणारी मी एकटी नाही.

शेवट मात्र घाईत उरकलाय, खलनायक फारच पटकन हरला. तरी दुसरा भाग मागवलाय. भाचीला सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, मी आता असलं वाचत नाही."

तेरावं लागलंय तिला.